पैसे आमचे, कुलूप कंपनीचं

परभणीत गांधी पार्कात किंवा स्टेशन रोडला खेळण्यांच्या दुकानात विचारा. चारशे-पाचशे रुपयांत हातात मावेल एवढा व्हिडिओ गेम मिळतो. वर ‘सुप’ असं लिहिलेलं, खोक्यावर ‘४०० गेम’. मागचं झाकण सरकवलं की जुन्या नोकिया फोनमधली ती बीएल-५सी बॅटरी दिसते. आतल्या सर्किटवर चिप काही नजरेला पडत नाही. काळ्या रेझिनचा एक टिपका असतो, चिप त्याच्या पोटात. कोणी बनवली, कुठे बनवली, पत्ता लागत नाही. त्यात उड्या मारणारा मारिओ निन्टेन्डो या जपानी कंपनीचा. त्या चारशे रुपयांतला एक पैसाही तिला पोचत नाही.

ही चोरी आहे. गरिबाच्या पोराला खेळायला मिळतं म्हणून ती पुण्य ठरत नाही. खेळ लिहिणाऱ्यालाही घरदार असतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कंपन्यांना जे सुनावणार आहे ते चोरांची वकिली म्हणून कुणी वाचू नये.

सुनावायचं ते एवढंच: चोराला धरा. पण ज्याने रोख पैसे मोजून वस्तू घेतली, त्याला त्याच्याच वस्तूत परका करू नका.

हातातल्या गेमला कुलूप लावण्याचा प्रकार जुना आहे. १९८९ च्या गेम बॉयमध्ये कॅसेट घातली की यंत्र आधी तिच्यातलं ‘निन्टेन्डो’ या नावाचं ४८ बाइटचं चित्र आपल्याकडच्या प्रतीशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर खेळ सुरूच होत नसे. आणि कुणी ते चित्र उचलून आपल्या कॅसेटमध्ये घातलं, तर ट्रेडमार्क चोरला म्हणून दावा ठोकायला कंपनी मोकळी. तेव्हा कुलूप तेवढंच होतं. पुढे त्याचा किल्लाच झाला.

सोनीने डिसेंबर २००४ मध्ये जपानात पीएसपी हे हातात धरायचं गेमचं यंत्र आणलं. त्याच्या पहिल्या फर्मवेअरवर कुणीही लिहिलेला प्रोग्रॅम चालत होता. सोनीने पुढच्या आवृत्तीत ते बंद केलं. पोरांनी ते पुन्हा उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा उघडं. सप्टेंबर २००५ मध्ये मुद्दाम बिघडवलेल्या एका फोटोने कुलूप उघडलं, २००७ मध्ये ‘ल्युमिनेस’ या खेळातल्या एका चुकीने. त्याच वर्षी ‘पँडोरा बॅटरी’ आली. बंद पडलेला पीएसपी सर्व्हिस सेंटरवाल्यांना जिवंत करता यावा म्हणून सोनीने एक खास बॅटरी ठेवली होती. साध्या बॅटरीच्या चिपमधला अनुक्रमांक बदलला की तिचीच ती खास बॅटरी होते, हे हॅकरांनी शोधून काढलं. कंपनीने स्वतःसाठी ठेवलेली किल्ली अशी जगभर पोचली.

निन्टेन्डोच्या स्विच या गेमच्या यंत्राची गत याहून वाईट झाली. २०१८ मध्ये त्याच्या टेग्रा चिपमध्ये चूक सापडली, तीही चिपवर कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या भागात. अपडेट पाठवून ती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. उजव्या बाजूचा जॉय-कॉन, म्हणजे सुटा होणारा कंट्रोलर, काढायचा, त्याच्या खाचेतल्या दोन पिना एका तारेच्या तुकड्याने जोडायच्या, यंत्र यूएसबीने संगणकाला लावायचं. कुलूप गळून पडायचं. कंपनीला नव्या यंत्रांसाठी चिपच सुधारून घ्यावी लागली.

कुलूप अगदीच फुकट जातं असं मी म्हणत नाही. नव्या खेळाची मोठी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते आणि तेवढे आठवडे कुलूप टिकलं तर खेळ लिहिणाऱ्याच्या कष्टाचे पैसे वाचतात. ते त्याला मिळायलाच हवेत. प्रश्न त्यानंतरचा आहे. खेळ जुना झाला, यंत्र जुनं झालं, दुकानातून दोन्ही गेले, तरी कुलूप तसंच राहतं. ते मग कुणाला अडवतं?

एक उदाहरण घ्या. २००९ च्या सुमारास हैदराबादच्या गेमशास्त्र या कंपनीने सोनीसाठी ‘देसी अड्डा’ नावाचा खेळ केला. कबड्डी, विटीदांडू, पतंग, सगळं त्यात होतं आणि तो पीएसपीवर चालायचा. आता पीएसपीचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. त्याचा खेळ प्लॅस्टिकच्या कवचातल्या एका छोट्या चकतीवर येतो. ती फिरवणारी मोटर झिजते, कवच तडकतं. समजा, कुणा जिंतूरकराने किंवा सेलूकराने अस्सल पीएसपी आणि अस्सल चकती पैसे देऊन घेतली आणि आजवर जपून ठेवली. मोटर गेल्यावर त्याने काय करायचं? आपल्याच चकतीची प्रत मेमरी कार्डात घालून खेळायचं, हा साधा उपाय. तो करायला यंत्रात ‘सॉफ्टवेअर मारावं’ लागतं, कारण कंपनीचं कुलूप स्वतःच्या चकतीची प्रतही चालू देत नाही. चोर जे हत्यार वापरतो तेच इथे मालकाला वापरावं लागतं. दोघांत फरक एकच: हेतू.

हा फरक आपल्या कायद्याला कळलेला आहे. या बाबतीत भारताचा कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा आहे, आणि हे छातीठोकपणे सांगायला हवं. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने असं कुलूप तोडणंच मुळात बेकायदा ठरवलं. मग दर तीन वर्षांनी सवलतींसाठी सरकारदरबारी हात पसरायचे. २०२१ मध्ये घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीला तिथे सवलत मिळाली, पण गेम कन्सोलला ती फक्त डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, पण कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं असेल तर. शिवाय कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे त्याला ती खराब होण्या-हरवण्यापासून वाचवण्यासाठी जादा प्रत करून ठेवता येते.

६५-अ मध्ये आणखी एक अट आहे आणि ती आपल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांनी पाठच करायला हवी. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुणाला कुलूप उघडायला मदत करायची असेल, तर त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि काम कशासाठी केलं, याची पूर्ण नोंद ठेवावी लागते. एक वही आणि एक पेन. एवढ्यावर प्रामाणिक कारागीर आणि नकलांचा धंदेवाला यांच्यात रेघ ओढली जाते. किती दुकानांत ही वही आहे?

निर्मात्याचा हक्क आणि विकत घेणाऱ्याचा हक्क एकत्र नांदतात का, हे परभणीला तरी समजवावं लागू नये. १९७२ पासून इथे कृषी विद्यापीठ आहे. मे महिन्यात त्याच्या वर्धापनदिनाला बियाणं घ्यायला मराठवाड्यातले शेतकरी येतात. सोयाबीनची पिशवी एकदा नेली की चांगलं बी राखून पुढच्या मृगाला घरचंच पेरता येतं. पीक वाणांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा वाण काढणाऱ्याला हक्क देतो आणि तोच कायदा कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा, विकण्याचासुद्धा हक्क देतो. बंदी एकच: संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकायचं नाही. शास्त्रज्ञ बुडाला नाही, शेतकरीही बांधला गेला नाही. ज्या संसदेला बियाण्यात हा तोल साधता आला, तिला गेमच्या यंत्रात तो का साधता येऊ नये?

तिकडे कंपन्या मात्र उलट्या दिशेने निघाल्या आहेत. निन्टेन्डोचा ‘स्विच २’ जून २०२५ मध्ये बाजारात आला. त्याच्या आधीच्या महिन्यात कंपनीने अमेरिकेतल्या ग्राहकांच्या करारात घालून ठेवलं, की अटी मोडल्या तर तुमचं यंत्र अंशतः किंवा पूर्णपणे, कायमचं निकामी करण्याचा अधिकार आम्हाला आहे. विक्री सुरू झाली त्याच महिन्यात ‘मिग’ नावाचं, खेळांच्या प्रती चालवणारं कार्ड वापरणाऱ्यांची यंत्रं ऑनलाइन सेवेतून बाद झाली. त्यांत आपण विकत घेतलेल्या खेळांच्याच प्रती वापरत होतो, असं सांगणारेही होते. खेळाचं वापरलेलं पण अस्सल कार्ड विकत घेऊन अडकलेल्या एकाची बातमी आली. पुरावे दाखवले तेव्हा त्याची सुटका झाली. आरोप कंपनीचा, पुरावा तपासणार कंपनी, निकाल कंपनीचा आणि शिक्षाही कंपनीच देणार. विकत घेतलेल्या वस्तूबाबत असला न्याय कुठल्या राज्यात चालतो?

याचा चटका परभणीला बसणारच. २०१७ साली स्विच निघाला तेव्हा तो भारतात अधिकृत विक्रीला आलाच नाही. इथल्या पोराच्या हातात तो येतो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, परदेशातल्या मामाकडून, नाहीतर कुणाच्या हातचा वापरलेला. मागच्या मालकाच्या करणीने बाद झालेलं यंत्र वरून ओळखू येत नाही. दाद मागायची तर तीही दूर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य करार म्हणजे काय ते लिहिलेलं आहे. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट त्यात बसते. पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. तीस-चाळीस हजारांच्या यंत्रासाठी पाथरीचा माणूस कंपनीच्या वकिलापुढे किती तारखा उभा राहणार?

आणखी एक नुकसान होतं, त्याबद्दल कुणी बोलतच नाही. स्विचच्या मेनूत जपानी आहे, डच आहे, रशियन आहे, मराठी नाही. परभणीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलीला वाटलं, की आपल्या धाकट्या भावासाठी बाराखडीचा खेळ लिहावा आणि तो हातातल्या यंत्रावर चालवावा, तर कंपनीच्या परवानगीवाचून ते शक्य नाही. यंत्र तिचं, विजेचं बिल तिच्या बापाचं, प्रोग्रॅम तिने रात्र जागून लिहिलेला, तरी यंत्र तो चालवणार नाही. नकला रोखण्यासाठी लावलेलं कुलूप नवं घडवणाऱ्याचाही हात धरतं.

कुलपाशिवाय धंदा होत नाही, हे कंपन्यांचं म्हणणं खरं नाही. अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं यंत्र आणलं. त्यात मालकाने हवी ती ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी, हवा तो प्रोग्रॅम चालवावा, कंपनीची ना नाही. सुटे भागसुद्धा उघडपणे विकत मिळतात. लोकांनी ते यंत्र उचलून धरलं. स्विच उघडायला मात्र तीन पात्यांचा वेगळा स्क्रूड्रायव्हर लागतो, म्हणजे साध्या स्क्रूड्रायव्हरने कुणी हात लावू नये ही सोय पहिल्या स्क्रूपासूनच.

चोरीचा धंदा करणाऱ्यांचा बंदोबस्त कोर्टात होतो, हेही सिद्ध झालेलं आहे. टीम एक्झेक्युटर ही टोळी स्विचचं कुलूप तोडणारी साधनं विकून पैसा करत होती. तिच्यातल्या गॅरी बाउझरला अमेरिकेच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद सुनावली. तपास झाला, वकील उभे राहिले, न्यायाधीशांनी निकाल दिला. तक्रारीला जागा नाही.

म्हणून चार गोष्टी मागतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं आणि त्यासाठी शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. गेमच्या यंत्रांचा त्यात नावानिशी समावेश व्हावा. कंपनीने विक्री आणि सेवा बंद केलेल्या यंत्राचं कुलूप उघडून द्यायला तिला बांधून घ्यावं. दुरुस्तीवाल्यांनी ती नोंदवही आजच घालावी आणि पैसे घेऊन चोरीचे खेळ भरून देणं आजच बंद करावं; एक सोडून दुसरं मागता येणार नाही. आणि वाचकहो, वापरलेलं यंत्र घेणार असाल तर पैसे हातावर ठेवण्याआधी ते विकणाऱ्याच्या समोर वाय-फायला जोडून त्याची ऑनलाइन सेवा सुरू होते का ते बघा. बिल मागा, नाही दिलं तर उठून या.

कंपन्यांनी चोरांवर खुशाल खटले भरावेत. पण ग्राहकाने मोल देऊन नेलेल्या वस्तूचा निवाडा न्यायालयातच व्हायला हवा. तो अधिकार कंपनीच्या सर्व्हरला आम्ही दिलेला नाही.