बदामीची सहल, लीड्सचं पत्र

लीड्स, जानेवारी

ती. आई आणि अण्णा यांना सा. न.

आम्ही चौघं सुखरूप पोचलो. पाऊस, अंधार आणि फ्रीजमध्ये नासलेलं दूध, असं रीतसर स्वागत झालं. फोनवर तुम्हाला सविस्तर सांगता येत नाही. अण्णा मध्येच 'बिल वाढतंय' म्हणतात, फोन व्हॉट्सअ‍ॅपचा असला तरी. म्हणून पत्र.

अण्णांचा प्रश्न मला पाठ आहे. सोलापुरात गाडीत बसलं की विजापूर, बागलकोट करत बदामी येतं, मग इंग्लंडातून मराठी मंडळाच्या सहलीला पैसे भरून दगड बघायला कशाला जायचं? लहान तोंडी मोठा घास घेते, पण अण्णा, त्या गाडीत तुम्ही तरी कुठे बसलात?

बदामीला लेण्यांपाशी तिकिटाचे दर दोन, परदेशी आणि भारतीय. आम्ही ब्रिटिश पासपोर्टवाले. ओसीआय कार्ड दाखवायचं म्हणून मी पर्स उपसत होते, तेवढ्यात तुमच्या चिरंजीवांनी सुट्ट्या दहा रुपयांवरून खिडकीतल्या माणसाशी वाद काढला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि कार्डाकडे न बघता भारतीय तिकिटं फाडून दिली.

लेणी चार आणि पायऱ्यांना सुमार नाही. पहिल्यात अठरा हातांचा नटराज. आमच्या धाकट्यानं दोनदा हात मोजले आणि 'ह्याला होमवर्क किती पटकन होत असेल' म्हणाला. तिसरं लेणं सगळ्यांत मोठं. तिथल्या लेखात शके 500, कार्तिकी पौर्णिमा अशी तिथी आहे, म्हणजे इसवी सन 578. आमच्यातल्या निवृत्त बँकवाल्या काकांना हे फार आवडलं. तारीख आणि सही असलेला कागद त्यांना कुठेही चालतो. ते लेख वाचायला वाकले आणि माकडानं त्यांच्या खांद्यावरून भाकरवडीचं पाकीट उचललं. पाकीट दातानं फाडून, वास घेऊन त्यानं ते परत टाकलं. पुण्याहून खास आणलेल्या भाकरवडीचा हा अपमान काकांच्या अजून मनातून गेलेला नाही.

आई, बनशंकरीची ओटी भरली. नारळ, खण, हळकुंड, सगळं तुमच्या यादीबरहुकूम. पौष पौर्णिमेची जत्रा जवळ आल्यामुळे गर्दी बरीच होती. देवळाबाहेर इरकल नेसलेल्या बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाची चटणी, भरलं वांगं, दही. 'हायजीन'वर बसमध्ये व्याख्यान दिलेल्या आमच्या दंतवैद्यबाई सगळ्यांच्या आधी मांडी घालून बसल्या आणि हाताला लागलेला वांग्याचा रस्सा मनगटापर्यंत चाटत होत्या. मी मोडक्या कानडीत 'चटणी' मागितली. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, 'लेकरं वाळलीत गं, घाल की त्यांना.' अगदी तुमचाच आवाज, आई. मी निमूटपणे आणखी दोन भाकऱ्या घेतल्या.

वाटेत गुळेदगुड्डला खणाचे माग बघितले. आमच्या बायकांनी दुकानात जे केलं ते सांगण्यासारखं नाही. एकीला खण कुशनच्या अभ्र्यांना हवा होता, दुसरीला पडद्यांना. विणकर बिचारा प्रत्येकीला 'चोळीला ना?' विचारत होता. तुमच्यासाठी अंजिरी आणि हिरवा असे दोन घेतले आहेत, चोळीलाच.

ऐहोळेला लाडखान नावाचं देऊळ आहे. त्या नावाचा गृहस्थ म्हणे कधीकाळी त्यात राहायचा. आपल्या घराला 27 नंबरच का, ह्यांचं नाव का नाही, असं मोठीनं विचारलं. मी म्हटलं, कर्ज फिटू दे. वर मेगुटीच्या जैन देवळात रविकीर्ती कवीचा लेख आहे, शके 556 चा. चालुक्य राजा पुलकेशी नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला, हे त्याच लेखात. सोलापूर त्यात धरलं होतं का, ह्यावर टेकडी उतरेपर्यंत भांडण चाललं. पण खरी आफत वेगळीच. त्याच लेखात रविकीर्तीनं स्वतःला कालिदास आणि भारवी यांच्या पंगतीला बसवलंय. आमच्या बसमध्ये चारोळ्या करणारे एक गृहस्थ आहेत, आतापर्यंत जरा भिऊन वाचायचे. ते ऐकल्यापासून त्यांची भीड चेपली. पट्टदकलपर्यंत माईक त्यांच्याच हातात होता.

पट्टदकलला दोन देवळं शेजारी शेजारी. चालुक्यांच्याच विक्रमादित्यानं कांची जिंकली म्हणून लोकमहादेवी राणीनं विरूपाक्ष बांधवलं आणि तिच्याच धाकट्या बहिणीनं, त्रैलोक्यमहादेवीनं, मल्लिकार्जुन. दोघी सख्ख्या बहिणी, एकाच राजाला दिलेल्या. हे कळल्यावर शिल्पाकडे कोण बघतंय! थोरलीचं देऊळ मोठं, मग धाकटीनं शेजारची जागा मुद्दाम मागितली असणार, असा निकाल आमच्या बायकांनी नंदीच्या सावलीत बसून लावला. पुरुषमंडळी गप्प. कांची जिंकणाऱ्याची ही गत, तर आपली काय, असा भाव चेहऱ्यावर. विरूपाक्ष बांधणाऱ्या सूत्रधाराचं, गुंडाचं, नाव त्याला मिळालेल्या किताबासकट लेखात कोरलेलं आहे. आमच्या मागच्या खोलीची अर्धी भिंत घालून जो पळाला, त्याचंही नाव भिंतीवर कोरायचं असं ह्यांनी तिथेच ठरवलं, वेगळ्या हेतूनं.

येताना बेंगळूरू विमानतळावर माझी हातातली पिशवी अडवली. मशीनवर सगळ्या चकत्याच चकत्या. उघडून दाखवल्या, कडक भाकऱ्या. ड्युटीवरच्या बाईनं एक हातात घेऊन टिचकी मारली, नीट ठेवली आणि काळजीनं विचारलं, 'चटणी?' मी म्हटलं, मोठ्या बॅगेत गेली. 'मग हरकत नाही' म्हणाली.

तुमची,
सूनबाई