बरी म्हणजे कशी?

आमच्या धाकट्या पुतणीला 'बरं' हा शब्द चालत नाही. "कसा आहेस, काका?" म्हणून ती विचारते, आपण "बरा आहे" म्हणून चहाकडे वळतो, तोच मान तिरकी करून पुढचा प्रश्न येतो, "बरा म्हणजे नेमका कसा?" चहा निवतो.

पोरीने सांगलीत बी.कॉम. केलं, दोन वर्षं बँकेच्या परीक्षा दिल्या आणि एक दिवस पुण्यात मानसशास्त्राच्या एम.ए.ला नाव घालून आली. आता एम.फिल. चाललंय. दादाने गावभर 'डॉक्टर होणार' म्हणून सांगून ठेवलंय. "मी गोळ्या लिहून देत नाही," हे ती दर सुट्टीत सगळ्यांना समजावते. शेजारचे नाना ऐकून घेतात आणि ॲसिडिटीवर काय घेऊ ते विचारतात.

तिचं दैवत कार्ल रॉजर्स. सल्ला द्यायचा नाही, माणसाला विनाअट स्वीकारायचं, त्याच्या बोलण्यामागची भावना त्यालाच ऐकवायची. वहिनी म्हणाली, "गॅस संपला गं." ही म्हणाली, "म्हणजे आई, तुला आत्ता अगदी असहाय वाटतंय."

"काही असहाय नाही. नंबर लाव."

शांतता सोसायलाही शिकवतात म्हणे. फोनवर प्रश्न विचारून ही गप्प बसते आणि पलीकडे आत्या "रेंज गेली वाटतं" म्हणून फोन ठेवून देते.

रोर्शाकच्या शाईच्या डागांचे ते दहा पत्ते मला बघायचे होते. 1921 पासून जग बघतंय, मग काकाने का बघू नयेत? पण ते असे घरी दाखवायचे नसतात. मग मीच टेबलक्लॉथवरचा चटणीचा डाग दाखवून म्हटलं, "यात तुला काय दिसतं?"

"काका, विषय टाळायचा असला की तू विनोद करतोस."

कुठला विषय, ते तिने विचारलं नाही.

परवा रात्री लाइट गेली. ती गॅलरीत नुसती बसली होती. वडील गेले तेव्हा मी मस्कतला होतो, तिकीट मिळालं नाही, हे मी कसं कोण जाणे बोलायला लागलो. एकदाही तिने 'म्हणजे तुला' केलं नाही. मग हळूच म्हणाली, "पन्नास मिनिटं झाली, काका."

"मग पुढच्या शनिवारी?"

"घरच्या माणसांना घेता येत नाही रे." तिने टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला.

फ्रिजवर लावलाय. गॅसवाल्याच्या नंबराखाली.