संगणकाच्या नावानं

आमच्या कार्यालयातल्या संगणक कक्षाच्या दारावर पाटी आहे : 'पादत्राणे बाहेर काढावीत.' गावात संगणक नवा होता तेव्हाची ती. यंत्राला धूळ लागू नये म्हणून त्या काळी माणसं सोवळ्यात आत जायची. पुढे संगणक टेबलाटेबलावर पसरला, त्याचं अप्रूप गेलं, पाटी मात्र राहिली.

कोपऱ्यात काचेचं पार्टिशन घालून सर्व्हरची खोली केली आहे. सर्व्हरला 18 ते 27 अंश तापमान मानवतं, म्हणून तिथे एसी. पार्टिशनच्या अलीकडे आम्ही. आमच्या वाट्याला गेल्या वर्षीपर्यंत फक्त पंखा होता, तोही दोनवर. तीनवर केला की फेरफाराचे कागद उडायचे. मे महिन्यात दुपारी सर्व्हर 'बघून यायला' आमच्यात पाळी लागायची.

आपण कारखान्यात असतो तर बरं, असं मला कधीकधी वाटायचं. 2025 पर्यंत लागू असलेला 1948 चा कारखाने अधिनियम दर कामगारामागे 14.2 घनमीटर जागा मागायचा, आणि मोजताना 4.2 मीटरच्या वरची हवा धरायची नाही असंही बजावायचा. म्हणजे छत उंच दाखवून मालकाला सुटता येत नसे. आमची खोली या मापाला उतरलीही असती, पण तिच्यात आमच्याखेरीज जडवस्तू संग्रह राहतो : कुबडे जुने मॉनिटर, टरटर करत गेलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, फुगलेल्या बॅटऱ्या. रीतसर निर्लेखन झाल्याशिवाय यातलं काही हलत नाही. बदल्या आमच्या होतात. नव्या माणसानं आल्याआल्या या मंडळींची मोजदाद करायची आणि चार्ज घ्यायचा.

मध्यंतरी एक तज्ज्ञ बसण्याचं प्रशिक्षण देऊन गेले. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले, आणि दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहायचं. पडद्याची उंची आम्ही ए-फोर कागदाच्या रिमांवर भागवली. कागद वापरात गेला की पडदा खाली येतो. त्यामुळे स्टेशनरीची मागणी कधी करायची ते मानेलाच कळतं. खुर्चीतला गॅस गेल्यामुळे पाय आपोआप टेकले. अडलं ते 20 फुटांवर. खिडकीतून लांब पाहावं, तर खिडकीत मॉनिटरांचा ढीग. उरलं दार. तिथे नजर लावली की बाहेर ताटकळलेल्या अर्जदाराला आपल्यालाच बोलावल्यासारखं वाटतं, आणि तो आत येतो. चपलांसकट.

'कर्मचाऱ्यांना उकाड्याचा त्रास होतो' असा अर्ज आम्ही केला, तेव्हा 'तरतूद नाही' असा शेरा आला. अव्वल कारकून मॅडम मुरलेल्या. त्यांनी तोच अर्ज फिरवून लिहिला : 'स्कॅनर तापल्याने अभिलेखाच्या कामात खंड पडण्याची शक्यता नाकारता येत नाही.' महिन्याच्या आत एसी भिंतीवर!

तेव्हापासून आम्ही स्वतःसाठी काही मागत नाही. उंदीर केबल कुरतडतात म्हणून खिडकीला जाळी आली, डास थांबले. हादऱ्यानं हार्ड डिस्क बिघडेल म्हणून न डुगडुगणारी टेबलं आली. कीबोर्डवर मुंग्या चढतात असं कळवल्यावर डबे खायला वेगळी जागासुद्धा मिळाली.

सध्या पाण्याच्या कूलरपाशी गाडी अडली आहे. संगणकाला तहान लागते हे साहेबांना कसं पटवावं? यूपीएसच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, हा मुद्दा मॅडमना सापडला आहे. टिप्पणी कालच वर गेली.