आधीचा वायरमन

अकोल्याच्या जठारपेठेत घराचं काम काढलं की गवंडी, सुतार, फरशीवाला, पेंटर अशी सगळी मंडळी येतात आणि आपापलं काम अर्धंमुर्धं करून जातात. वायरमनची गोष्ट वेगळी. तो आधी टीका करायला येतो आणि मग जमलं तर काम करतो. घोडीवर चढतो, बोर्डाचे स्क्रू सैल करतो, झाकण वायरींवर लोंबकळत ठेवून आत डोकावतो आणि आपल्याकडे न पाहता विचारतो, "हे कोनं केलं व्हतं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, पण नवखे घरमालक देतात. नाव कानावर पडताच तो "हाव, मंग बराबर आहे," एवढंच म्हणतो. तेवढ्यावर आपण एका सद्गृहस्थाच्या बदनामीत सामील झालेले असतो.

आमच्याकडचं काम तसं किरकोळ होतं. आंगणात नवी फरशी बसणार होती, तिच्याआधी फाटकाच्या खांबावरच्या दिव्याची लाईन बदलून घ्यायची होती. तो दिवा बटन बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणत असे. आईनं त्याचा संबंध पितरांशी जोडला होता. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणत, की वीज तारेत साठून राहते. वायरमननं बल्बकडे पाहिलं आणि दोघांनाही निकालात काढलं.

"न्यूट्रलमदे बटन टाकलं ना त्यानं! फेज सरळ बल्बात जाऊन बसली."

हे मात्र खरं निघालं. बटन फेजवर असावं लागतं. ते न्यूट्रलवर असलं तर दिवा विझतो, पण होल्डरातले २३० व्होल्ट जागचे हलत नाहीत. बंद दिव्याचा बल्ब बदलायला चढलेला माणूस निर्धास्त असतो, तीच पंचाईत. मग इतकी वर्षं हे कळलं कसं नाही? तर ओलीतून जी थोडीशी गळती होते, तिला ६० वॅटचा जुना बल्ब दाद देत नसे. ९ वॅटचा एलईडी मात्र एवढ्याशा करंटवरही मिणमिणतो. म्हणजे बल्बनं चुगली केली आणि आईनं त्याला नैवेद्य दाखवायची तयारी केली.

"त्या मानसाले लायसन कोनं देल्लं?" असं म्हणत तो घोडीवरून उतरला. वायरमनच्या कोर्सला आयटीआयमध्ये दोन वर्षं लागतात, आणि हा त्यांतलं किमान एक वर्ष निषेध शिकला असावा.

पण त्याच्याबरोबर घरातून फिरायला मजा येते, हे कबूल केलं पाहिजे. भिंत तो पोथीसारखी वाचतो. माजघरात सागवानी पट्टीवर टिनच्या क्लिपांनी बसवलेली काळी वायर आहे. "ही आजोबाच्या टाइमची, वीज मंडळ नवं नवं होतं तवाची." मंडळ १९६० सालचं. दिवाणखान्यातली पांढरी प्लास्टिकची पट्टी आली वडिलांनी फ्रीज घेतला तेव्हा. स्वयंपाकघरातून एक लाल वायर कुणाशीच संबंध न ठेवता जाते. ती इन्व्हर्टरची, भारनियमनाच्या वर्षांतली. जिल्ह्यात पारसला वीज तयार व्हायची आणि अकोल्यात लोक हातपंख्यानं वारा घ्यायचे, त्या दिवसांची. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, पण ही बातमी आमच्या वायरमनपर्यंत पोचलेली नाही. खांबावरून येते ती त्याच्या लेखी अजून 'मंडळाची लाईन'च.

प्रत्येक थरापाशी थांबून तो त्या थराच्या कर्त्याला शिव्या घालतो. भेदभाव नाही. आजोबांच्या काळातल्या माणसाला मात्र "हात चांगला व्हता त्याचा" असं प्रशस्तिपत्र मिळालं. तो माणूस आता या जगात नसावा, हे त्यामागचं एक कारण असू शकेल.

मग आली अर्थिंगची पाळी. टेस्ट लॅम्प लावून पाहिला, पेटला नाही. हिरवी वायर भिंतीतून, पायरीखालून हुडकत तो मोरीपर्यंत गेला आणि तिथे कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जुन्या लोकांनी अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती. पाइप जमिनीत जातो, तेवढ्यावर भागायचं. मागे नळवाल्यानं तो पाइप काढून प्लास्टिकचा टाकला, वायर मात्र इमानदारीनं त्यालाच बांधून ठेवली. अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही हे ठाऊक होतं. अर्थिंगही येत नाही, हे नव्यानं कळलं. त्या क्षणापासून त्याच्या शत्रूंच्या यादीत नळवाल्याची भर पडली.

नवा खड्डा खोदला, मीठ-कोळसा भरला, पत्रा पुरला. "उन्हाळ्यात बादलीभर पानी टाकत जा याच्यात, काकू."

"मानसाले पुरत नाही, खड्ड्याले कुठून आनू?" आई म्हणाली. यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. तसा प्रसंग हा एकच.

घरापासून फाटकाच्या खांबापर्यंतचा वायरीचा पाइप उकरला तेव्हा मला त्याच्याविषयी खरा आदर वाटला. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पंजा जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यासोबत खांबही हलतो. आधीच्यानं पाइप ताणून टाकला होता, तो सांध्यात तुटला होता, आत चिखल गेला होता, आणि गळतीचं सगळं रहस्य त्या वीतभर जागेत होतं. "काळ्या मातीत ढील ठेवा लागते, भाऊ. माती काही सुदी राह्यते का?" असं म्हणून त्यानं जाड केबल खोल गाडली आणि दोन्ही टोकांना वेटोळं सोडलं. गळती झाली की आपण होऊन लाईन तोडणारं, ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी बसवलं. फार बोलणारी माणसं कधीकधी बरोबरही बोलतात, ही फार गैरसोयीची गोष्ट आहे.

त्यानंतर तो गेला. वायरमन जातो तेव्हा "पाच मिन्टात आलोच" म्हणतो आणि पुरावा म्हणून पक्कड ठेवून जातो. श्रावण लागला होता. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात, आणि गावातला झाडून सारा वायरमन पालख्यांच्या रोषणाईला जुंपला जातो. फोन केला की मागे ढोल वाजत असायचे आणि त्या ढोलांतून आवाज यायचा, "तुमच्याकडंच येऊन रायलो!" आम्ही अंधारात फाटकाची कडी चाचपत राहिलो. आईला तो मिणमिणता दिवाच बरा वाटू लागला होता. निदान दिसायचं तरी.

कावड झाली, पोळा झाला, आणि एका सकाळी तो काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं हजर झाला. तासाभरात बटन फेजवर आलं. दिवा लागतो तेव्हा लागतो आणि विझतो तेव्हा विझतो. हिशेब त्यानं बटनांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मांडला. केबल, पाइप, मीठ-कोळसा, मजुरी, आणि मजुरीखाली वेगळी ओळ होती: 'आधीच्याचं सोडवनं'.

"यात शिव्यांचे किती धरले?" मी विचारलं.

"शिव्यायचे नाही लावले, भाऊ," तो गंभीरपणे म्हणाला. "नळवाल्याचं तं अजून धरलंच नाही. ते वेगळं होईन."