ग्रेनमहाराज

बाजारात राजरोस मिळणारी वस्तू घरी चौपट खर्चाने तयार करून, वाचलेल्या पैशांचा हिशेब शेजाऱ्यांस ऐकवणारा गृहस्थ वाचकांच्या परिचयाचा असेलच. आमच्या कॅलिफोर्नियातल्या आळीत तो रायफलीची काडतुसे भरतो. पुंगळ्या, प्राइमर, दारू आणि गोळ्या यांनी गॅरेज व्यापल्यामुळे मोटार बारमाही उन्हात असते, आणि आत हा महापुरुष, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, सराफाने गुंज तोलावी तशी दारू तोलत असतो. पौंडाचे ग्रेन ७०००, हे ज्ञान झाल्यापासून यच्चयावत् सृष्टी त्यास ग्रेनमध्येच दिसते. चहात साखर किती, तर "साठ ग्रेन", नात झाली, सात पौंडांची आहे, असे आम्ही कौतुकाने कळवले, तर "एकोणपन्नास हजार! अभिनंदन!"

२०१३च्या कायद्याचा पुरा अंमल २०१९च्या जुलैत सुरू होऊन शिकारीतून शिसे हद्दपार झाले, तेव्हापासून तर आमच्या कानांवर संक्रांतच आली. तांबे शिशाहून हलके. सबब त्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत खोल बसते, दारूची जागा बळकावते आणि दाब वाढवते. म्हणून १८० ग्रेनच्या शिशाऐवजी १५०चे तांबे घ्यावे, तर आपले हक्काचे तीस ग्रेन सरकारने कोणत्या न्यायाने खालसा केले, ही त्याची फिर्याद. तांब्याची गोळी पाकळ्यांसारखी उमलते आणि वजन जवळजवळ सगळे राखते, हे तो कबूल करतो, पण कर्जाची कबुली द्यावी तितक्याच आनंदाने.

एकदा तो दारू आणण्यास गेला असता उघड्या राहिलेल्या त्याच्या रोजनाम्यात माझी दृष्टी गेली. शिकारीच्या रकान्यात, बंदीच्या कितीतरी आधीपासून, नुसते तांबे! विचारले, तेव्हा तो बराच वेळ पुंगळी पुसत राहिला. मग म्हणाला, शिशाची गोळी हरणात फुटून कण विखुरतात, आपण आतडी रानात टाकून येतो, ती काँडर खातात. १९८२ साली हे पक्षी साऱ्या जगात बावीस उरले होते. पिनॅकल्सच्या कड्यावर एक डोक्यावरून गेला, पंख साडेनऊ फूट.

"वजन?" मी मुद्दाम विचारले.

"वीस पौंड धरा. एक लक्ष चाळीस हजार."

आणि त्याला मारायला शिसे किती पुरते, असे विचारले, तर हे एकच माप त्याने ग्रेनमध्ये सांगितले नाही. तराजूवर फुंकर घातली, आणि गेलेल्या तीस ग्रेनांची फिर्याद पहिल्यापासून सुरू केली.