चौपाटीविना चौपाटी

नागपूरच्या नंदनवनातून समुद्र गाठायचा तर शेकडो किलोमीटर जावं लागतं. म्हणून थंडी पडली की आमच्या भागातल्या लेन्सधारकांना कुठल्याही तळ्याच्या चिखलात चौपाटी दिसू लागते. पहाटे पाचला कूच: गोरेवाडा, नाहीतर उमरेड रोडकडची तळी. पक्ष्यांना दिसू नये म्हणून अंगात झाडपाल्याच्या रंगाचं जाकीट. गाडी मात्र लालभडक, आणि तर्री-पोह्यांवरची चर्चा पार पलीकडच्या काठापर्यंत.

पट्टकादंब हे हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. ७,००० मीटरच्याही वरून उडाल्याची त्यांची नोंद आहे. एवढं उडून बिचारे काठावर डोळा मिटतात न मिटतात, तोच कुणीतरी कुजबुजतो, "भाऊ, उडतानाचा नाही मिळाला बे." मग एक ढेकूळ पाण्यात. थवा उठतो, शटर कडाडतात, आणि दुपारपर्यंत फेसबुकवर आणखी एक 'निसर्गप्रेमी' जन्माला येतो.

पक्षितज्ज्ञ मारुती चितमपल्लींनी कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हा शब्द दिला. कॅमेरेवाल्यांच्या वसाहतीला द्यायचा राहूनच गेला.

तेवढं ढेकूळ खाली ठेवा, भाऊ. पाहुणे अजून महिना-दोन महिने आहेत.