खासगी विमान, सार्वजनिक कार्य

मराठी राज्यांच्या जुन्या दफ्तरांत 'खासगी' नावाचे एक स्वतंत्र खाते असे. धन्याच्या घरचे मुंज-लग्न, मुदपाकखाना, देवधर्म यांचा खर्च त्या खात्यावर पडे, आणि मुलकी वसुलाशी त्याची गल्लत होऊ नये म्हणून कारकून मंडळी निदान कागदावर तरी मध्ये एक ठळक रेघ ओढून ठेवीत. ती रेघ आताशा नेमकी कोठून जाते, याचा उलगडा आम्हांस झाला तो 13 जुलै 2024 रोजी, बोरिवलीहून मुलुंडास एका बारशाला जाताना.

आदल्याच दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरात अंबानींचे धाकटे चिरंजीव अनंत यांचे लग्न लागले होते. पाहुण्यांसाठी तीन फाल्कन जेट विमाने भाड्याने घेतल्याचे, आणि शंभरावर खासगी विमाने येण्याची अपेक्षा असल्याचे वृत्तपत्रांनी छापले होते. येथवर आमची काही तक्रार नाही; पाहुण्यास आणावयास बैलगाडी धाडावी की विमान, हा ज्याच्या घरी कार्य त्याच्या ऐपतीचा प्रश्न होय. परंतु वाहतूक पोलिसांनी 12 ते 15 जुलैपर्यंत, दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत, त्या परिसरातील कित्येक रस्ते निमंत्रितांखेरीज इतरांस बंद करण्याचे जे फर्मान काढले, त्याच्या जाहिरातीत या लग्नास 'पब्लिक इव्हेंट', म्हणजे चक्क सार्वजनिक कार्यक्रम, म्हटले होते. विमान खासगी, रस्ता सरकारी आणि कार्य सार्वजनिक! मग सार्वजनिक कार्याची पत्रिका आम्हां सर्व जनांपैकी एकाच्याही उंबरठ्यावर कशी पडली नाही, याचा खुलासा मात्र कोठे आढळला नाही.

त्याच वर्षी मार्चात, लग्नापूर्वीचा सोहळा जामनगरास झाला तेव्हा, हवाई दलाच्या तळावरील तेथल्या विमानतळास सरकारने दहा दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा बहाल केला होता. सरकारी कारभार गोगलगायीच्या चालीने चालतो असा कंठशोष करणाऱ्यांना ही सणसणीत चपराक होय. फक्त याविषयी आमच्या शेजारच्या चारकोपातील कॅप्टन अमोल यादव यांचे मत विचारू नये. या गृहस्थांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, 2016 साली ते खाली उतरवून त्याच वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडले, आणि त्याची नोंदणी पदरात पडावयास 2017 चा नोव्हेंबर उजाडला. चूक यादवांचीच, विमान बांधण्याआधी त्यांनी घरात एखादे लग्न काढावयास हवे होते.

असो. बारशात आत्या हे पद जवळजवळ घटनात्मक आहे. तिने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितल्यावाचून पाळण्याची दोरी हलत नाही, आणि प्रस्तुत बाळाची आत्या म्हणजे आमची सौभाग्यवती होती. नकाशावर बोरिवली ते मुलुंड अशी सरळ रेघ मारली, तर अंतर बारा किलोमीटरांच्या आसपास भरते. परंतु मध्ये राष्ट्रीय उद्यान पसरलेले असल्याने ही रेघ चालून जाण्याचा अधिकार केवळ बिबट्यांस आहे. आम्ही आपले बोरिवली ते अंधेरी लोकलने, अंधेरी ते घाटकोपर मेट्रोने आणि घाटकोपर ते मुलुंड पुन्हा लोकलने, अशी उपनगरांची प्रदक्षिणा घालू लागलो. अंधेरीच्या पुलावर, एका हाती ओली छत्री आणि दुसऱ्या हाती बाळंतविड्याची पिशवी सांभाळीत आम्ही रेटले जात असता मेव्हण्याचा फोन आला, "ताई, कुठवर आलीस?" सौभाग्यवती तत्काळ उत्तरल्या, "आले रे, घाटकोपर सोडलं!" उपनगरवासीयांचे खासगी विमान ते हेच: देह अंधेरीच्या पुलावर आणि वाणी घाटकोपरच्या पुढे.

उपनगराला विमानाचे वावडे आहे असे कोणी समजू नये. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जे विमान स्वतः चालवीत आणले, ते आमच्या जुहूच्याच मैदानावर उतरले. मात्र त्यात मानाचा पाहुणा एकही नव्हता, सामान्य जनांचे टपाल होते. त्यातील एखाद्या पाकिटात कोणाच्या लग्नाची कुंकू लावलेली पत्रिकाही असेल! असे मंगल विचार मनात घोळत असताना मेट्रो असल्फ्याच्या पुढे आली आणि एक लहानखुरे पांढरे विमान वस्तीच्या पत्र्यांवरून इतके खाली गेले, की डब्यातल्या एका पोराने त्याची चाके मोजली. या मार्गाखालच्या घरांना 'फनेल झोन' म्हणतात. विमानांस अडथळा नको म्हणून घाटकोपर, कुर्ला, सांताक्रूझ, पार्ले येथील इमारतींच्या उंचीस मर्यादा आहे. उंची नाही म्हणून बिल्डरला परवडत नाही, बिल्डरला परवडत नाही म्हणून पुनर्विकास अडतो, आणि पुनर्विकास अडला म्हणून गुडघे धरलेल्या आजीबाई लिफ्टवाचून चौथा मजला चढतात. वरून स्वारी कोणाचीही जावो, खाली मान लववून उभे राहण्याची ताजीम ही घरे पिढ्यानुपिढ्या देत आली आहेत, आणि तरीही पाहुण्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही.

आम्हांसाठी कोणी काहीच करीत नाही, असेही म्हणवत नाही. नेमक्या त्याच दिवशी गोरेगावात पंतप्रधानांच्या हस्ते गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या, उद्यानाखालून जावयाच्या बोगद्यांचे भूमिपूजन झाले, आणि मग सायंकाळी ते वांद्रे-कुर्ला संकुलात नवदांपत्यास आशीर्वाद द्यावयास गेले. बोगदा पुरा होईल तेव्हा, आज पाळण्यात निजलेल्या बाळाच्या लग्नास तरी आम्ही वेळेवर पोहोचू.

मुहूर्त साडेअकराचा होता. आम्ही सव्वाबारास पोहोचलो. तोवर पाळणा तीनदा म्हणून झाला होता, घुगऱ्या गार झाल्या होत्या आणि बाळ झोपी गेले होते. आत्यासाठी एकही रस्ता बंद झाला नव्हता की एकाही शिपायाने शिटी फुंकली नव्हती; ती ओल्या पदरानिशी पाळण्यावर वाकली, कानाशी लागली, आणि उशिरा आल्याचा हिशेब धरून जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत रिवाजाहून चार बुक्के अधिक घातले. जुन्या कारकुनाच्या रेघेच्या अलीकडे चोख बसेल असे ते कार्य होते. बाळाचे नाव काय ठेवले, हे वाचकांनी विचारू नये. ते खासगी आहे.